अ‍ॅन आर्बरची इंग्रजी शाळा



विद्येसाठीं परमुलखांत जाणारा विद्यार्थी आणि त्याच्या वाटेंत आडवी येणारी भाषा, ही जोडी फार जुनी आहे. काशीस न्याय किंवा मीमांसा शिकावयास निघालेल्या मुलाला संस्कृत आधीं पक्कें करावें लागे. मध्ययुगांत पॅरिस अथवा बोलोन्या येथें जाणाऱ्या विद्यार्थ्याची लॅटिनवांचून गति नसे. गेल्या शतकांत ही जागा बहुतांशीं इंग्रजीनें घेतली. मात्र एक फरक पडला. शिष्याला संस्कृत येत नाहीं ही आपली अडचण आहे, असें काशीच्या गुरुजींना कधीं वाटलें नसावें. ती त्या शिष्याची अडचण होती. अमेरिकन विद्यापीठांनीं ती आपली मानली. तिच्यासाठीं त्यांनीं स्वतंत्र शाळा काढल्या, शिक्षक नेमले, आणि मग त्या शाळा चालवितां चालवितां त्यांच्या नाकीं नऊ आले. या शाळांपैकीं पहिल्या शाळेची, आणि तिच्या मागून निघालेल्या शेंकडों शाळांच्या भरती-ओहोटीची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

मिशिगन विद्यापीठ हें अ‍ॅन आर्बर नांवाच्या गांवीं आहे. १९३३ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं दक्षिणेकडील राष्ट्रांशीं चांगल्या शेजाऱ्याप्रमाणें वागण्याचें धोरण जाहीर केलें होतें. पुढें १९३९ सालीं युरोपांत युद्ध पेटलें, आणि मेक्सिको, पेरू, ब्राझील अशा देशांतील जे डॉक्टर व इंजिनिअर उच्च शिक्षणासाठीं युरोपची वाट धरीत, त्यांची ती वाट बंद झाली. त्यांना आपल्याकडे वळवून घेण्याची अमेरिकेलाही निकड होती. आपल्या दाराशीं असलेल्या देशांत जर्मनीचें वजन वाढूं नये, ही चिंता तिला लागली होती. शिष्यवृत्त्या निघाल्या, परंतु गाडें अडलें तें इंग्रजीपाशीं. आपल्या गांवीं नामांकित असलेला शस्त्रवैद्य अमेरिकन रुग्णालयांत पाऊल टाकतांच मुका आणि बहिरा होऊन बसे. त्याच वर्षीं रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्यानें अ‍ॅन आर्बर येथें या प्रश्नावर एक परिषद भरली, व १९४१ सालीं तेथेंच 'इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट' उघडली. तिचे पहिले संचालक चार्ल्स फ्रीज हे होते.

१८८७ सालीं जन्मलेले हे फ्रीज गृहस्थ मोठे कानसेन. भाषा कशी असावी हें सांगण्यापूर्वीं ती कशी आहे हें व्याकरणकारानें ऐकावें, अशी त्यांची श्रद्धा होती. १९४० सालीं त्यांनीं अमेरिकन इंग्रजीचें जें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें थोर लेखकांच्या ग्रंथांवरून रचलेलें नव्हतें. साध्या नागरिकांनीं सरकारी कचेऱ्यांना लिहिलेलीं पत्रें चाळून तें त्यांनीं तयार केलें होतें. पुढें १९५२ सालच्या ग्रंथासाठीं त्यांनीं याहून धाडसाचें काम केलें. अ‍ॅन आर्बरमधील लोकांचीं दूरध्वनीवरील सुमारें पन्नास तासांचीं संभाषणें त्यांनीं मुद्रित करून घेतलीं, आणि बोलणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता! आजच्या कायद्यांत हें बसणार नाहीं. तेव्हांही तें सभ्यपणाचें होतें असें मी म्हणणार नाहीं. पण खरीं माणसें खरोखर कशीं बोलतात याचा इतका पुरावा त्यापूर्वीं फारच थोड्यांच्या हातीं आला असेल. नाम, सर्वनाम, विशेषण हे पिढीजात कप्पे बाजूस सारून त्यांनीं वाक्यांतील जागेवरून शब्दांचे नवे वर्ग पाडले, ते या ऐकण्याच्या बळावर.

शिकविण्याविषयीं त्यांचें म्हणणें असें कीं, शिकावयाच्या भाषेचें शास्त्रीय वर्णन घ्यावें, विद्यार्थ्याच्या मातृभाषेचें तसेंच वर्णन शेजारीं ठेवावें, आणि जेथें दोहोंचा मेळ बसत नाहीं तेथें मेहनत करावी. स्पॅनिश बोलणाऱ्याला 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी हीं दोन्ही एकच ऐकूं येतात. जपान्याला 'र' आणि 'ल' यांचा भेद कठीण जातो. मराठी माणसाला हे दोन्ही भेद सहज साधतात, पण तो 'अ' आणि 'द' या दोन टीचभर शब्दांपाशीं जन्मभर अडखळतो, कारण आपल्या भाषेंत त्यांच्या जोडीचें कांहींच नाहीं. तेव्हां सर्वांना एकच पुस्तक कसें चालेल? म्हणून फ्रीज यांच्या संस्थेंत लॅटिन अमेरिकेच्या विद्यार्थ्यांसाठीं निराळे पाठ तयार झाले. आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम, दिवसाचे बरेचसे तास इंग्रजीच्या सान्निध्यांत. शिक्षकानें एक वाक्य म्हणावें, वर्गानें तें म्हणावें, त्यांतला एक शब्द बदलून पुन्हां म्हणावें, आणि जिभेला वळण लागेपर्यंत हें चालावें. आपल्याकडील वेदपाठशाळेंत ज्यानें संथा घेतली आहे त्याला यांत नवल वाटावयाचें नाहीं.

या कामांत फ्रीज यांना एक असा साहाय्यक मिळाला, कीं ज्याचें स्वतःचें आयुष्य हाच एक धडा होता. रॉबर्ट लाडो यांचा जन्म १९१५ सालीं फ्लोरिडांतील टँपा येथें, स्पेनहून आलेल्या आईबापांच्या पोटीं झाला. पण मुलाला इंग्रजी येण्यापूर्वींच कुटुंब स्पेनला परतलें. एकविसाव्या वर्षीं लाडो जन्मभूमीस आले ते इंग्रजीच्या बाबतींत परदेशी होऊनच. ज्याला पंचविशीच्या उंबऱ्यावर परकी जीभ कमवावी लागली, तो शिकणाऱ्याची वेदना विसरत नाहीं. १९५६ सालीं ते संस्थेचे संचालक झाले. दोन भाषांची तुलना कशी करावी यावरील त्यांचा १९५७ चा ग्रंथ आणि भाषेच्या परीक्षांवरील १९६१ चा ग्रंथ हे या विषयांतील पायाभूत ग्रंथ मानले जातात. १९४८ पासून संस्थेच्या भोंवतीं 'लँग्वेज लर्निंग' हें त्रैमासिकही निघूं लागलें होतें. मला ही गोष्ट संस्थेच्या इमारतीपेक्षां महत्त्वाची वाटते. परदेशी माणसाला इंग्रजी शिकविणें ही केवळ नडलेल्यांची शिकवणी नसून तो एक अभ्यासाचा विषय आहे, हा दावा त्या त्रैमासिकानें विद्वानांच्या बैठकींत मांडला.

येथें थोडें आडवळण घेतों. आम्हां मराठी शाळांतील शिक्षकांना 'स्ट्रक्चरल' पद्धत म्हणून जी शिकविण्यांत आली, तिचें कूळ अ‍ॅन आर्बरच्या पद्धतीशीं चुलत नात्याचें आहे. ती आपल्याकडे आली ती मुख्यतः लंडनच्या मार्गानें; १९५८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेनेंही तिच्या प्रसारास हातभार लावला. फळ्यावर कोष्टक आंखून, डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक शब्द घेऊन चाळीस पोरांकडून वाक्यें वदवून घेण्यांत आमची उमेद गेली. मुलांना वाक्यें येत; बोलणें येई असें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं. पण अ‍ॅन आर्बरचा विद्यार्थी वर्गाबाहेर पडला कीं वाण्याच्या दुकानापासून व्याख्यानापर्यंत सर्वत्र इंग्रजींतच बुडत असे. आमचा विद्यार्थी वर्गाबाहेर पडला कीं विटीदांडूच्या खेळांत. तेव्हां सारा दोष कोष्टकावर लादणें न्यायाचें होणार नाहीं.

पद्धतीवर घाव पडले ते दुसरीकडून. १९५७ व १९५९ सालीं नोम चॉम्स्की यांच्या लेखनानें, भाषा ही संवयीनें जडते या समजुतीलाच धक्का दिला. १९६४ सालीं 'टोफेल' ही परीक्षा सुरू झाली, आणि अमेरिकेंत येण्यापूर्वींच विद्यार्थ्याचें इंग्रजी जोखणें शक्य झालें. यांतूनही शाळा तगल्या, किंबहुना वाढल्याच. परदेशी विद्यार्थी हजारोंनीं येऊं लागले होते, आणि गिऱ्हाईक दारांत उभें असतां पद्धतीच्या वादांत कोण पडतो?

गिऱ्हाईक हा शब्द मीं मुद्दाम वापरला. बहुतेक विद्यापीठांनीं या इंग्रजी शाळांना एक अट घातली होती: आपला खर्च आपल्याच शुल्कांतून भागवावा. इतिहासाच्या किंवा गणिताच्या विभागाला असें कोणी विचारीत नाहीं. त्यामुळें या शाळा विद्यापीठाच्या आवारांत असूनही त्याच्या पंक्तीला नसत. त्यांच्या शिक्षकांपैकीं पुष्कळांची नेमणूक एका सत्रापुरती असे, आणि पुढल्या सत्रांत नोकरी राहील कीं नाहीं हें एखाद्या दूरच्या देशाच्या खजिन्यावर अवलंबे.

याचा पहिला मोठा प्रत्यय इराणनें आणून दिला. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले आणि इराणांतून विद्यार्थ्यांचा लोंढा सुरू झाला. १९७९-८० सालीं अमेरिकेंत सुमारें २,८६,००० परदेशी विद्यार्थी होते, त्यांत ५१,००० हून अधिक एकट्या इराणचे. त्यांच्यासाठीं इंग्रजीच्या शाळांनीं वर्ग वाढविले, शिक्षक घेतले. आणि त्याच वर्षीं तेहरानांत राज्यक्रांति झाली, नोव्हेंबरांत अमेरिकन वकिलातींतील माणसें ओलीस धरलीं गेलीं. अध्यक्ष कार्टर यांनीं अमेरिकेंतील सर्व इराणी विद्यार्थ्यांना सरकारी कचेरींत हजर होऊन आपले कागद दाखविण्याचा हुकूम सोडला; एप्रिल १९८० मध्यें राजकीय संबंध तुटले व इराण्यांचे नवे प्रवेश जवळजवळ थांबले. अनेकांचे घरून येणारे पैसे बंद पडले, रस्त्यांत शिव्या ऐकाव्या लागल्या. ज्या तरुणांना या देशाची भाषा शिकवावयाची, त्यांनाच ती अशा रीतीनें ऐकावी लागली! त्या दिवसांत इराण्यांच्या वर्गावर उभ्या राहिलेल्या शिक्षकानें कोणतें वाक्य फळ्यावर लिहिलें असेल, असा विचार माझ्या मनांत पुष्कळदां येतो.

अशा काळांत, १९८५ सालीं, अ‍ॅन आर्बरच्या संस्थेचीं सूत्रें जॉन स्वेल्स या इंग्रज अध्यापकाकडे आलीं. लीबिया, सुदान आणि इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें त्यांनीं परभाषी विद्यार्थ्यांना शिकविलें होतें. विज्ञानाच्या विद्यार्थ्याचें इंग्रजी म्हणजे शेक्सपिअरचें इंग्रजी नव्हे, हें ते अनुभवानें जाणत. शोधनिबंधाची प्रस्तावना कशी लिहितात हें कोठेंच लिहून ठेवलेलें नाहीं असें पाहून त्यांनीं निरनिराळ्या शास्त्रांतील ४८ प्रस्तावना घेतल्या आणि त्या वाक्यवार तपासल्या. तो अभ्यास १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांना असें आढळलें कीं, विषय कोणताही असो, लेखक प्रथम सांगतो कीं हें क्षेत्र महत्त्वाचें आहे. मग पूर्वसूरींनीं काय केलें तें सांगतो. मग हळूच एक पोकळी दाखवितो. आणि ती पोकळी मी भरतों आहें असें म्हणून आपली सतरंजी तेथें पसरतो. एकदां दाखविल्यावर हें सोपें वाटतें. परंतु कोरियाच्या किंवा सुदानच्या विद्यार्थ्याला हें कोणी सांगितलेलें नसतें. त्याचें व्याकरण शुद्ध असूनही निबंध साभार परत येतो, आणि आपल्या बुद्धींतच कांहीं उणें आहे असें तो धरून चालतो.

स्वेल्स यांच्या कारकीर्दींत संस्थेच्या कामाचा रोख बदलला. नुकत्याच आलेल्या, प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला सर्वसाधारण इंग्रजी शिकविण्याचा भार कमी होत गेला. विद्यापीठांत दाखल झालेल्या विद्यार्थ्याला त्याच्या शास्त्रांत लिहिणें, वाद घालणें, व्याख्यान देणें यासाठीं लागणारें इंग्रजी हें मुख्य काम झालें. वरवर पाहतां हें आकुंचन होतें. पण त्यामुळें संस्था दूरदेशच्या लाटांवर तरंगण्याऐवजीं विद्यापीठाच्या तळाशीं रुजली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला जेव्हां आपल्या विद्यार्थ्याचा प्रबंध सुधारावा असें वाटे, तेव्हां त्याला ही संस्था हवी असे.

१९९८ सालीं स्वेल्स यांनीं आपल्या इमारतीविषयींच एक पुस्तक लिहिलें. त्या काळीं तेथें तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडें होतीं: तळाशीं संगणकाची सेवा, मध्यें वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह, आणि वर इंग्रजीची संस्था. संगणकवाल्यांचे कागद महिन्या-दोन महिन्यांत शिळे होत. वनस्पतिशास्त्रज्ञ एकेका कुळाच्या वर्णनासाठीं वर्षानुवर्षें खर्च करीत, आणि जुन्या नमुन्याचा कागद त्यांना आजही तितकाच उपयोगी पडे. इंग्रजीवाले या दोहोंच्या मधले, दर सत्राला नवे विद्यार्थी आणि दर सत्राला तीच भाषा. एकाच जिन्यानें चढणारीं माणसें काळाचीं इतकीं निराळीं मापें वापरतात, हें निरीक्षण वाचून मला फार मौज वाटली.

फ्रीज यांचें ऐकण्याचें व्रतही सुटलें नाहीं. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून संस्थेनें विद्यापीठांतील व्याख्यानें, चर्चा, प्रयोगशाळेंतील बोलणीं, प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या भेटी, या वेळीं सर्वांच्या संमतीनें, मुद्रित केल्या. १५२ प्रसंग, जवळजवळ २०० तास, सुमारें १८ लाख शब्द. आणि हें भांडार जगांतील कोणाही शिक्षकाला मोफत खुलें केलें.

इतर शाळांचें नशीब मात्र लाटांशींच बांधलेलें राहिलें. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांतील एक जण इंग्रजी शिकण्याच्या परवान्यावर देशांत शिरला होता आणि वर्गांत फिरकलाच नव्हता, हें उघड झाल्यावर इंग्रजीचा प्रत्येक वर्ग पोलिसी नजरेखालीं आला. २००३ पासून प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची नोंद एका केंद्रीय यंत्रणेंत ठेवणें शाळांना भाग पडलें. हजेरीपट हा शिक्षकाचा राहिला नाहीं, सरकारचा झाला. पुढें २०१० च्या कायद्यानें मान्यता नसलेल्या शाळांना परदेशी विद्यार्थी घेण्यास मनाई केली. हा कायदा मला योग्य वाटतो, कारण पाटीवर शाळा आणि आंत केवळ परवान्याचें दुकान, असेही कांहीं होते.

त्याच सुमारास दुसरी लाट उठली. २००५ सालीं टेक्सासांत अध्यक्ष बुश आणि सौदी युवराज अब्दुल्ला यांची भेट झाली, आणि तींतून सौदी सरकारची मोठी शिष्यवृत्तियोजना निघाली. तोंवर अमेरिकेंत सौदी विद्यार्थी तीन हजारांच्या आसपास होते. २०१५-१६ सालीं ते ६१,००० हून अधिक झाले. पदवीआधीं इंग्रजी शिकण्याचा खर्चही शिष्यवृत्तींतच धरलेला असे. २०११ पासून ब्राझीलनेंही आपले विद्यार्थी सरकारी खर्चानें धाडले. इंग्रजीच्या वर्गांतील विद्यार्थी २०१५ सालीं सुमारें १,३३,००० वर पोंचले. मग बॅरलला १०० डॉलरांवर असलेलें तेल २०१६ च्या आरंभीं ३० डॉलरांखालीं घसरलें. सौदी सरकारनें शिष्यवृत्तीचे नियम आवळले, ब्राझीलची योजना आटोपली. २०१७ सालीं तोच आंकडा ८७,००० च्या आंत आला. दोन वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक वर्ग रिकामा! अनेक शाळा बंद पडल्या, आणि वीस-वीस वर्षें फक्त हेंच काम केलेले शिक्षक घरीं बसले. त्यांच्या हातून कांहीं प्रमाद घडला नव्हता. इंग्रजीचे धडे चांगले होते कीं वाईट, हा प्रश्न त्या हिशेबांत कोठेंच नव्हता.

२०२० च्या साथींत वर्गच घरांत गेले. त्या जुलैंत सरकारनें असा नियम काढला कीं, ज्यांचें सर्व शिक्षण दूरस्थ पद्धतीनें चाललें आहे अशा परदेशी विद्यार्थ्यांनीं देश सोडावा. विद्यापीठें न्यायालयांत गेलीं आणि आठवडाभरांत तो मागें घेण्यांत आला. २०२५ च्या मे-जूनमध्यें सुमारें तीन आठवडे विद्यार्थ्यांना परवान्यासाठीं नव्या मुलाखतीच्या वेळा देणें थांबविण्यांत आलें होतें. आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम चालविणाऱ्या शाळेला तीन आठवड्यांची वाट पाहणें केवढें महाग पडतें, हें सांगावयास नको.

आणि एक विपरीत गोष्ट अशी कीं, मधल्या वर्षांत, साथीच्या काळांतील घट सोडली तर, परदेशी विद्यार्थ्यांची एकंदर संख्या वाढली. २०२३-२४ सालीं ती ११ लाखांवर गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा गट आपला, ३,३१,००० हून अधिक भारतीय. आपल्या आळींतून, ओळखीच्या घरांतून गेलेलीं मुलें त्यांत आहेत. हीं मुलें इंग्रजी गांठीं बांधूनच जातात. त्यांना आठ आठवड्यांची शाळा नको असते. म्हणजे विद्यापीठ भरलें तरी इंग्रजीचा आरंभीचा वर्ग ओसच राहतो.

तथापि गांठीं बांधलेल्या इंग्रजीचीही परीक्षा होते. अमेरिकेंत पदव्युत्तर विद्यार्थ्यानें खालच्या वर्गांना शिकवून आपला खर्च भागविण्याची चाल आहे. १९८० नंतरच्या दशकांत, परदेशी शिक्षकाचें बोलणें आम्हांला कळत नाहीं अशी ओरड अमेरिकन विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं केली, आणि कांहीं राज्यांनीं यासाठीं कायदेही केले. अ‍ॅन आर्बरची संस्था आतां हें काम पाहते. परदेशी विद्यार्थ्याला वर्गावर जाण्यापूर्वीं परीक्षकांपुढें उभें राहून आपल्या विषयाचा छोटा पाठ द्यावा लागतो, आणि अमेरिकन विद्यार्थी विचारील तसे प्रश्न विचारले असतां त्यांना उत्तरें द्यावीं लागतात. प्रश्न कळला नाहीं तर तो पुन्हां विचारावयास कसें सांगावें, याचीही तयारी त्याला तेथें करावी लागते.